पेटी आणि साठ दिवस

आमच्या इथल्या, म्हणजे बोस्टनकडच्या, मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक तरी नवीन कुटुंब येतं आणि दरवर्षी तोच सीन होतो. हातात मोदकाची प्लेट घेऊन कुणीतरी काकू विचारतात गाव कुठलं, मी सांगते नगर, नेवासा तालुका, मग आडनाव, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यात जी बारीकशी बेरीज-वजाबाकी सुरू होते ती मला आता ओळखीची झालीये, म्हणून मीच पुढचं सांगून टाकते की आम्ही ख्रिश्चन. की झालं. "अय्या हो? वाटत नाही तुमच्याकडे बघून!" म्हणजे काय वाटायला पाहिजे होतं ते बारा वर्षं झाली मला कळलेलं नाही. मग ठरलेले प्रश्न. गोव्याचे का तुम्ही? घरी इंग्लिशच बोलत असाल ना? मुलाचं नाव कसं काय मराठी ठेवलंय? आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, "कधी झालात तुम्ही?" एकदा एका मुलीने, चांगली पीएचडी करणारी मुलगी, अगदी मनापासून विचारलं की ताई, बायबल मराठीत मिळतं का हो? मी म्हटलं मिळतं, दोनशे वर्षं होऊन गेली मिळतंय.

पूर्वी राग यायचा, आता मी मोदक खाते. (हो, चालतो मोदक. आणि नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे सगळं होतं, केक हे नंतरचं फॅड आहे, आमच्या आजीला केक म्हणजे "तो गोड पाव" एवढंच माहीत होतं.) माझा मुलगा लहान असताना मंडळातून घरी येऊन रात्री प्रार्थनेला हात जोडून "येशूबाप्पा मोरया" म्हणाला होता. मी हसू दाबलं, नवऱ्याला दाबता आलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, असू दे, ज्याला हाक मारली त्याला कळली.

गंमत म्हणजे रविवारी आम्ही जिथे उपासनेला जातो तिथेही हाच प्रश्न. बोस्टनपासून पाऊण तासावर एक छोटं गाव, पांढरं लाकडी चर्च, वर टोकदार मनोरा, पोस्टकार्डावर असतं ना अगदी तसं. आत पंचवीस-तीस माणसं, सगळी माझ्या आईपेक्षा मोठी. पहिल्या रविवारी मी दारात थांबून चपला कुठे काढायच्या ते शोधत होते. आमच्याकडे गावच्या चर्चमध्ये चपला बाहेर, सतरंजीवर बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, प्रार्थना सुरू झाली की पदर डोक्यावर. इथे प्रार्थना सुरू झाली आणि माझा हात आपोआप ओढणीकडे गेला, मागच्या बाकावरच्या आजींना वाटलं मी मुसलमान आहे आणि चुकून आत आलेय, त्या बिचाऱ्या इतक्या प्रेमाने "यू आर वेलकम हिअर" म्हणाल्या की मला त्यांचा गैरसमज दूर करायलाही लाज वाटली. नंतर खाली हॉलमध्ये कॉफी पिताना त्यांनी विचारलं, तुमच्या घरचे ख्रिस्ती कधी झाले? मी म्हटलं माझ्या पणजोबांपासून. मग कुणी सांगितलं त्यांना येशूबद्दल? मी म्हटलं, तुम्हीच.

त्यांना कळेना. मग मला सांगायला लागलं, आणि सांगता सांगता मलाच कळायला लागलं की मी कुठे येऊन राहिलेय.

आमच्या नगरकडच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, बऱ्याचशा अमेरिकन मराठी मिशनच्या. लहानपणी हे नाव इतक्यांदा ऐकलं की त्यातला 'अमेरिकन' शब्द कधी कानाला जाणवलाच नाही. नगरला मिशनचं काम १८३१ ला सुरू झालं, 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ पासून. मुलींच्या शाळेसाठी इकडून आलेल्या सिंथिया फॅरार बाई नगरलाच वारल्या १८६२ साली, आणि सावित्रीबाई फुल्यांनी नगरला त्यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं हे तर आता पुष्कळांना माहीत आहे. पण ही माणसं आली कुठून? तर इथूनच. मॅसॅच्युसेट्समधून आणि आजूबाजूच्या राज्यांतून, असल्याच पांढऱ्या लाकडी चर्चमधून. नवऱ्याला बोस्टनला नोकरी लागली तेव्हा माझ्या डोक्यात थंडी किती असेल एवढंच होतं.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी आम्ही सेलमला गेलो. ऑक्टोबर होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सेलम म्हणजे १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांचं गाव, आणि ऑक्टोबरात तिथे अख्खी जत्रा असते, जो तो काळी टोकदार टोपी घालून फिरतोय, पार्किंग नाही, आणि त्या गर्दीत आम्ही तिघं वॉशिंग्टन स्ट्रीटवर टॅबरनॅकल चर्च शोधतोय. मुलाला टोपी पाहिजे होती, तो रडत होता. तर ६ फेब्रुवारी १८१२ ला या मंडळीत पाच तरुणांना दीक्षा देऊन परदेशी पाठवलं. आत्ताची इमारत नंतरची आहे. त्या पाचांतले गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि सॅम्युअल न्यूएल हे तिघं पुढे मुंबईला पोचले. मी त्या बंद दारासमोर उभी राहिले, आतून काहीतरी मोठं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही, पाय दुखत होते आणि टोपीचे पंधरा डॉलर गेले. जे काय वाटलं ते घरी येऊन त्यांच्याबद्दल वाचताना.

कारण त्यांची सगळी गोष्ट व्हिसाची आहे हो. म्हणजे व्हिसा हा शब्द नव्हता तेव्हा, पण दुसरं काय म्हणणार? कलकत्त्याला उतरले तर ईस्ट इंडिया कंपनीने सांगितलं चालते व्हा. त्यातच तिकडे अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध लागलेलं, म्हणजे हे आता शत्रू देशाचे नागरिक. हॉल आणि नॉट कसेबसे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले, तिथेही परत पाठवायची ऑर्डर. मग अर्ज, विनंत्या, गव्हर्नरला पत्रं, मुदतवाढ. मध्येच घाबरून दोघं बोटीने पळाले, सिलोनला जायचं म्हणून, तर कोचीनला सापडले आणि परत मुंबईला आणले गेले. हे वाचताना मी एकटीच किचनमध्ये हसत होते. आमच्या नगरच्या चर्चमध्ये मिशनरी म्हणजे भिंतीवरचे दाढीवाले फोटो, चष्मा, कडक चेहरा, आणि इथे हे दोघं पंचवीस-तिशीतले पोरगे स्टेटस संपलं म्हणून बोटीत लपून पळतायत. म्हणजे आमच्या मंडळीची सुरुवातच इमिग्रेशनच्या घोळातून झालेली आहे.

आणि हॅरिएट. न्यूएलची बायको, इथल्याच हेव्हरिलची, आमच्या घरापासून फार लांब नाही. कलकत्त्याहून हाकलल्यावर ही दोघं मॉरिशसकडे निघाली, बाळ वाटेत बोटीवरच जन्मलं आणि गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये ती पण गेली. वय १९. हिंदुस्थानात तिला राहायलाच मिळालं नाही. न्यूएल एकटा पुढे मुंबईला आला, १८२१ ला कॉलऱ्याने गेला, हॉल पण कॉलऱ्यानेच, १८२६ ला, नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना वाटेत. त्याच्या आधी वर्षभरापूर्वी त्याची बायको मुलांना घेऊन अमेरिकेला निघून गेली होती.

मी हे सगळं त्या कॉफीवाल्या आजींना सांगितलं. त्या चर्चमध्ये जन्मल्या, तिथेच लग्न झालं, नवऱ्याला तिथूनच पुरलं, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मग त्या मुलीच्या आईला कसं कळलं असेल? किती महिन्यांनी पत्र आलं असेल? मला इतिहास सांगायचा होता आणि त्यांनी सरळ आईचं विचारलं. तेव्हापासून आमची मैत्री.

आता मिशनरींबद्दल लिहिलं की लोकांच्या भुवया वर जातात ते मला माहीत आहे, म्हणून हे पण लिहिते. पणजोबांना गावात बाटगा म्हणायचे. भाकरीसाठी गेले म्हणायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते कधी चिडायचे नाहीत, फक्त एकदा म्हणाले होते, "भाकरीसाठी गेले असतील तर गेले असतील, पण गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं ते कुणी सांगत नाही." बास, एवढंच. आणि मिशनरी सगळे देवदूत नव्हते, त्यांची पण अक्कडबाजी होतीच. पंडिता रमाबाईंना ती चांगली भेटली. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर बाईंशी त्यांचे वाद वाचण्यासारखे आहेत. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? जेवणातलं अमुक खाणार नाही म्हटलं तर तो गर्व कसा, तुम्ही आमच्या देशात येऊन राहिलात तर तुमच्या सवयी सोडाल का? स्वतःच्या माणसांपासून हजारो मैल लांब, पंचविशीतली विधवा बाई, जवळ छोटी मुलगी, ज्यांच्या घरात राहते त्यांनाच हे विचारतेय. आणि नंतर हीच बाई अमेरिकेत फिरली आणि १८८७ च्या डिसेंबरात तिच्या कामासाठी असोसिएशन निघाली ती इथे बोस्टनमध्येच. मला मंडळातल्या काकूंसमोर नीट एक वाक्य बोलता येत नाही तेव्हा मी रमाबाईंची आठवण काढते. उपयोग काही होत नाही, घरी आल्यावरच सुचतं सगळं.

बरं, आता जे लिहायला बसले होते ते.

आप्पा गेले मे २०२१ मध्ये. कोविड. नगरला बेड मिळत नव्हते, भावाने कुठून कुठून ऑक्सिजन आणला, सहा दिवस आम्ही फोनवर. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला होता आणि तिकडची अमेरिकन कॉन्सुलेटं अपॉइंटमेंट कॅन्सल करत सुटली होती, म्हणजे गेले तर परत कधी येता येईल काही सांगता येत नव्हतं, मुलगा पाच वर्षांचा. नवरा म्हणाला तू जा, बघू पुढचं. मी नाही गेले. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली. मी नाही गेले.

तिकडे दुपारचे चार, इकडे सकाळचे साडेसहा. भावाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावला होता, पीपीई किटमधली चार माणसं, पाळकसाहेब लांब उभे, मास्कमधून आवाज येत नव्हता, नेटवर्क अडकत होतं, "मातीस माती" एवढं ऐकू आलं आणि स्क्रीन फ्रीज झाली. आप्पांनी चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये पेटी वाजवली, गावात कुणीही वारलं तर रात्रभर भजनाला हेच, आणि त्यांच्या मातीला एक गाणं झालं नाही. गायला परवानगीच नव्हती.

त्यानंतर मी वर्षभर प्रार्थना केली नाही असं म्हणता येणार नाही. करत होते. चर्चमध्ये इंग्लिशमध्ये करायचे, व्यवस्थित, थँक्यू लॉर्ड फॉर दिस डे. इंग्लिशमध्ये मी देवाशी फार सभ्य आहे हे मला तेव्हा कळलं. ऑफिसातल्या साहेबाला मेल लिहावी तशी माझी प्रार्थना, सुरुवातीला आभार, मध्ये एक नम्र विनंती, शेवटी पुन्हा आभार. आमच्या त्या आजींनी सगळ्या चर्चतर्फे कार्ड दिलं होतं, "देवाच्या योजनेत सगळं चांगल्यासाठी असतं" अशा अर्थाचं छापील काहीतरी, खाली सगळ्यांच्या सह्या. त्यांचा हेतू चांगला होता. मी ते ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवलं.

मग एका रात्री भांडी घासताना तोंडातून मराठीत निघालं. काय निघालं ते सगळं लिहीत नाही, पण "तुला लाज नाही वाटली का रे" इथून सुरुवात होती. चाळीस वर्षं तुझी चाकरी केली त्या माणसाने, पगाराविना, आणि तुला एक गाणं देता आलं नाही त्याला? मी अक्षरशः सिंकपाशी उभी राहून भांडत होते, आमच्या गावच्या बाया नळावर भांडतात तशी, नवरा बाहेर आला, बघितलं, आणि आत निघून गेला. शहाणा माणूस आहे. अर्धा तास झाला असेल. नंतर शांत झोप लागली. उत्तर काही आलं नाही, मला अजूनही माहीत नाही तसं का झालं. पण त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं की पलीकडे कुणीतरी ऐकतंय. ज्याच्याशी भांडता येतं तो परका नसतो, माझं आणि माझ्या आईचं पण असंच आहे.

टिळकांनी, म्हणजे आमच्या नारायण वामन टिळकांनी (लोकमान्य नव्हे, हे इथे दर वेळी सांगावं लागतं), ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारलीय अभंगांत. लहानपणी मला ते जरा विचित्र वाटायचं. आता नाही वाटत. साहेबाशी कुणी असं बोलत नाही, आईशीच बोलतं.

२०२२ ला आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा सामानात पेटी घेऊन आली. आप्पांची पेटी. दोन बॅगांच्या ऐवजी एक बॅग आणि एक पेटी, त्यामुळे लोणचं, मसाला, पापड सगळं कमी आलं आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुंबईला एअरपोर्टवर आईला विचारलं यात काय आहे, ती म्हणाली, "मालकांची पेटी हाय." इथे पोचल्यावर उघडली तर दोन पट्ट्या बसलेल्या, भाता एका बाजूने फाटलेला. भाता मी डक्ट टेपने चिकटवला. दोन पट्ट्या अजून तशाच आहेत, गाणं त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातं.

मला पेटी येत नव्हती, आप्पांनी भावाला शिकवली मला नाही, तो वेगळा विषय आहे. यूट्यूबवर शिकले. शनिवारी रात्री साडेआठला झूमवर आमची प्रार्थनासभा असते, थंडीत तेव्हा तिकडे रविवारी सकाळचे सात. न्यू जर्सीचे एक काका, टेक्सासला एक नर्स बाई मूळ संगमनेरच्या, दुबईचं एक जोडपं, आणि नगरहून आई, आत्या, मावशी. झूमवर एकत्र गाता येत नाही, आवाज मागे-पुढे होतो, म्हणून एकजण गातो आणि बाकीचे म्यूटवर ओठ हलवतात. आत्याला म्यूट करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक गाण्याला आत्याच्या कुकरची शिट्टी आणि कोंबडा यांची साथ असते.

आणि गेल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नवऱ्याची नोकरी गेली. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग आणि लॅपटॉप बंद. एच वन बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांना माहीत आहे, साठ दिवस. साठ दिवसांत नवीन कंपनीने तुमचे कागद फाइल केले पाहिजेत, नाहीतर सामान बांधा. मी एच फोर, म्हणजे त्याच्या शेपटाला बांधलेली, त्याचं गेलं की माझं गेलं. मुलगा इथे जन्मलेला, त्याला कुणी जा म्हणत नाही, फक्त आईबापाला म्हणतात.

आईने पाठवलेलं कालनिर्णय किचनमध्ये लावलेलं असतं, त्यावर मी पेन्सिलने एकपासून आकडे टाकत गेले. दहाव्या दिवशी राखेचा बुधवार, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू. मंडळीतले लोक म्हणायचे देवावर विश्वास ठेवा. मी ठेवते हो, पण विश्वास ठेवणं म्हणजे नक्की काय करायचं? रिझ्युमे पाठवायचे की नाही पाठवायचे? पहाटे तीनला जाग येते तेव्हा काय करायचं? सगळे बायबलमधल्या यिर्मयाचं एकोणतिसाव्या अध्यायातलं ते एक वचन पाठवत होते, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे, फुलांच्या फोटोवर लिहिलेलं. मला त्याच्या आधीची वचनं जास्त कामाची वाटली. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मया पत्रात सांगतो, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता, आणि लवकर सुटका होईल असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, सत्तर वर्षं लागतील. सत्तर! ग्रीनकार्डच्या लाइनमध्ये उभ्या असलेल्या भारतीयाला हे पत्र समजावून सांगावं लागत नाही. (बागेवरून, कढीपत्त्याच्या कुंडीबद्दल मी काही लिहिणार नाही, परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाने ते लिहून झालंय. माझी मेली, एवढं सांगते.)

एक्केचाळिसाव्या दिवशी ऑफर आली. ओहायोतून, पगार आधीपेक्षा कमी. पण ऑफर म्हणजे सुटलो असं नाही, आधी लेबरचा कागद मंजूर व्हायचा, मग पेटिशन जायचं, आणि आकडे तर पुढे चाललेले. गुड फ्रायडे चोपन्नाव्या दिवशी आला. आमच्याकडे नगरला गुड फ्रायडेला बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, त्यांवर सात जण बोलतात, एकेकाला वेळ ठरलेली पण तिसऱ्या उद्गाराचे काका नेहमी चौथ्याचा वेळ खातात, बाहेर ऊन मी म्हणत असतं, बायकांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे. इथे संध्याकाळी तासाभराची उपासना, मेणबत्त्या एक एक विझवत जातात. वाचनाला माणसं कमी म्हणून पास्टर बाईंनी मला विचारलं, चौथा वाचशील का? वाटलं तर तुझ्या भाषेत वाच.

मी उभी राहिले. मार्क, अध्याय पंधरा. मराठीत वाचत गेले आणि त्या ओळीपाशी आले, "एलोई, एलोई, लमा सबख्थनी", आणि अडकले. आयुष्यभर ऐकलेली ओळ. पण हातात मराठी, समोर इंग्लिश ऐकणारी माणसं, शुभवर्तमान मुळात ग्रीकमध्ये, आणि मधेच ही एक ओळ अरामी. कुणीच तिचं नुसतं भाषांतर करून पुढे गेलं नाही, शब्द जसेच्या तसे ठेवले, शेजारी अर्थ दिला. मार्काने नाही, मराठीवाल्यांनी नाही, इंग्लिशवाल्यांनी नाही. सगळ्यात वाईट वेळी येशूने घरातल्या भाषेत विचारलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. नाझरेथमध्ये आईशी ज्या भाषेत बोलत असेल त्या भाषेत. आणि ऐकणाऱ्यांतल्या काहींना ते कळलंसुद्धा नाही, त्यांना वाटलं एलिया संदेष्ट्याला हाक मारतोय. मला माझं सिंक आठवलं, भांडी आठवली. पुढचं मी कसंतरी वाचलं, आवाज लागत नव्हता, इथल्या लोकांना वाटलं मराठी असंच वाचत असतील.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पेटिशन गेलं. दोन दिवस राहिले होते. आईला सांगितलं तर तिने "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणण्याऐवजी विचारलं, "ओहायोला थंडी कमी हाय का?" मी म्हटलं थोडी. म्हणाली, मग बरं.

त्याच कंपनीतून निघालेल्या एका तेलुगू मित्राचं नाही झालं, ते लोक एप्रिलअखेर परत गेले. ते आमच्यापेक्षा जास्त प्रार्थना करायचे. त्यामुळे आमचं झालं ही देवाची कृपा असं मी मोठ्याने कुणाला सांगत नाही, त्या बाईच्या कानावर गेलं तर तिला काय वाटेल. रात्री देवाला विचारते मात्र, मराठीत.

मुलाच्या शाळेसाठी वर्षभर मी आणि तो इथेच राहिलो, नवरा तिकडे एकटा, महिन्यातून एकदा यायचा. आता या जूनमध्ये आम्ही पण चाललोय. शेवटच्या रविवारी चर्चने केक आणला, पास्टर बाईंनी काहीतरी गा म्हटलं, मी पेटी घेऊन गेले आणि आप्पांचं आवडतं भजन गायले, दोन पट्ट्यांवरून उड्या मारत. कळलं कुणालाच नाही. पण त्या कॉफीवाल्या आजी, आता ८९ च्या आहेत, वॉकर धरून उभ्या राहिल्या, मग बाकीचे पण उभे राहिले, कशासाठी ते माहीत नसताना. नंतर हात धरून म्हणाल्या, तुझ्या वडिलांसाठी होतं ना हे? मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

सामानाचा ट्रक शुक्रवारी येतोय. पेटी ट्रकमध्ये देणार नाही, गाडीत मागच्या सीटवर मुलाच्या शेजारी, बेल्ट लावून. कोलंबसच्या आसपास कुणी मराठी ख्रिस्ती असाल, किंवा नुसते मराठी असाल आणि तबला येत असेल, तर जरूर कळवा. पेटी आहे आमच्याकडे.